गोलकीपरचा रंग

“गोलकीपरचा शर्ट नको,” कॅप्टन म्हणाले. “बाकीचे पाच काढायचे. पाच शर्ट, पाच फ्रेमा. विषय संपला.”

“करेक्ट,” पिल्लेकाका म्हणाले.

माझे सासरे चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते तिथंच थबकले आणि तिन्ही कपांतला चहा बशीत आला. मग काहीच ऐकलं नाही अशा चेहऱ्यानं पुढे होऊन त्यांनी कप टेबलावर ठेवले. बिस्किटं मात्र परत आत नेली. त्यांच्या रागाची मजल तेवढीच होती.

कॅप्टन म्हणजे सर्जेराव तापकीर. ते कुठल्या सैन्यात वगैरे नव्हते. एकाहत्तर साली खडकीच्या झुंजार हॉकी क्लबनं मिरजेची ढाल जिंकली, तेव्हा ते संघाचे कॅप्टन होते आणि त्यानंतर ‘आता पुरे’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांची बायकोसुद्धा त्यांना कॅप्टनच म्हणायची. पिल्लेकाका त्या संघात उजव्या बाजूनं पळायचे आणि म्हातारपणीही कॅप्टनच्या उजव्या हातालाच बसायचे. तीन पिढ्या खडकीत गेल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण कॅप्टनसमोर त्यांना एकच शब्द आठवायचा.

आणि माझे सासरे, निवृत्ती काटे, म्हणजे आमचे अण्णा, हे त्या संघाचे गोलकीपर.

मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच या घरात आले होते. शाळेत चित्रकला शिकवत होते आणि घरी जलरंगांत चित्रं काढत होते. क्लबनं नवा हॉल बांधला होता. त्याच्या भिंतीवर जुन्या संघांचे शर्ट लावायचे असं ठरलं, पण ट्रंक उघडून पाहिली तर शर्टांना कसर लागलेली. मग कॅप्टननी फर्मान काढलं, काट्यांच्या सूनबाई शर्टांची चित्रं काढतील. मी म्हटलं, “काका, शर्टांचे फोटोच काढून लावा की.” तर म्हणाले, “फोटोत भोकं दिसतात. तू बुजवशील.”

माझ्या सासऱ्यांना भिंतीवर जायचं होतं, आणि तेही जिवंतपणी. बाकी त्यांची आयुष्याकडून काही मागणी नव्हती. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झाली, मुलगा मार्गी लागला, सून बरी मिळाली. पण क्लबात ढाल जिंकल्याचा एक काळापांढरा फोटो होता, तो त्यांना छळत असे. फोटोत दहा जण ऐटीत शर्ट घालून, स्टिका घेऊन उभे होते आणि अगदी कडेला, पॅड बांधलेले पाय खुर्च्यांमागे झाकलेले, अण्णा. अंगात कंडक्टरचा खाकी शर्ट आणि खिशावर बिल्ला. नवीन माणूस फोटो बघायला आला की हमखास विचारी, “हा कोण? टीमला बसमधून घेऊन आलेला का?” कॅप्टन म्हणत, “आलेला आमच्याबरोबरच.” खोटं काहीच नव्हतं त्यात.

“अण्णा, तुम्ही फायनलला खाकी का घातला होतात?” मी एकदा विचारलं होतं.

“वेळेवर शर्ट मिळाला नाही,” एवढंच म्हणाले आणि उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

झुंजार क्लबाची एक रीत होती, ती मला सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितली. सामना झाला की संघाचे शर्ट धुवायचं काम गोलकीपरचं. का, तर बाकीचे दहा जण पळतात आणि हा नुसता उभा असतो. आता ते शर्ट गोलकीपर स्वतः धुणार थोडाच? “हे मैदानात उभे असायचे,” आई म्हणाल्या, “आणि इकडे मी मोरीत वाकलेली असायचे.” दुसरी रीत अशी, की गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा लागतो, तो क्लब देत नसे. ज्याचा त्यानं बघावा. धुवायला मात्र अकराच्या अकरा आमच्याकडे.

तर मी कामाला लागले. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, कागद ताणून बसवला आणि पहिला शर्ट समोर टांगला. पांढरा, काळ्या कॉलरचा. दुसरा निळा, त्यावर पिवळा आडवा पट्टा. अण्णा दिवसभर माझ्या आसपास. ब्रश धुवायच्या भांड्यातलं पाणी जरा गढूळलं की ते बदलून आणायचे. इतकं स्वच्छ पाणी मला नंतर कुठल्याच चित्राला मिळालं नाही.

“वृषाली, हे रंग महाग असतात का गं?” एकदा त्यांनी विचारलं.

“काही असतात.”

“लाल?”

“लाल मध्यम.”

“म्हणजे कुणी म्हटलं, की बुवा एखादा लाल शर्ट काढायचाय, तर फार रंग लागेल?”

“अण्णा, तुमचा शर्ट लाल होता?”

ते एकदम खुलले. खुर्ची पुढे ओढून बसले. “लालभडक! हिनं शिवला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाजारातून रंगाची पुडी आणून घरी रंगवलेला. पाठीवर पांढऱ्या नाडीनं शिवलेला एकचा आकडा. मी गोलात उभा राहिलो की रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचो.”

“मग कुठं आहे तो?”

“गेला कुठंतरी,” ते म्हणाले आणि पाण्याचं भांडं घेऊन उठले. पाणी अजून स्वच्छ होतं.

आतून आईंची हाक आली, “वृषाली, गिरणी बंद व्हायच्या आत दळण टाकून ये गं.” मी हात धुतले आणि दळणाची पिशवी उचलली. विटकी, विटेच्या रंगाची, आमच्या घरातली सगळ्यात जुनी पिशवी. गिरणीवाला त्या पिशवीला ‘एक नंबर’ म्हणायचा, कारण तिच्यावर एकचा आकडा शिवलेला होता. गिरणीत पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आईंनी तो घातला असेल असं मी धरून चालले होते. डोक्यात निळा शर्ट होता आणि हातात लाल. चित्रकाराची नजर म्हणतात ती हीच.

चार चित्रं झाली. पाचवा शर्ट ट्रंकेत नव्हताच. तो ढालीच्या वर्षाचा, मानाचा, म्हणून कॅप्टन तो घरी ठेवत. ते स्वतः घेऊन आले. इस्त्री केलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.

“डाळिंबी,” दोन्ही हातांनी शर्ट उंच धरत ते म्हणाले. “बघ सूनबाई, आजही रंग कसा जर्द आहे. आम्ही मिरजेच्या मैदानात उतरलो तेव्हा समोरचा संघ नुसता रंग बघून गारठला होता.”

“करेक्ट,” पिल्लेकाका म्हणाले, पण नेहमीच्या जोरात नाही. ते त्या वेळी पंख्याकडे बघत होते.

ते गेल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे शर्ट उलटा केला. कापडाचा बाहेरचा रंग उन्हानं, धुण्यानं, माणसाच्या फुशारकीनं बदलतो. शिवणीच्या आत दुमडलेली पट्टी असते, तिच्यात त्याचा खरा रंग दडून राहतो. चित्र काढायच्या आधी मी नेहमी तिथं बघते. कॉलरची शिवण जरा उसवली आणि आत पाहिलं.

गुलाबी.

अंधूक वगैरे नाही. जत्रेत काडीवर म्हातारीचे केस विकतात ना, तसा तोंडाला पाणी सुटेल असा गुलाबी. डाळिंबी रंग नंतर कुणीतरी वरून चढवलेला होता आणि तो शिवणीच्या आत पोचलाच नव्हता.

“अण्णा, हे बघा!”

अण्णांनी पाहिलं आणि पटकन दार लोटून घेतलं. “झाक ते आधी. झाक. तू पाहिलंस हे कॅप्टनला कळता कामा नये.”

“त्यांचाच तर शर्ट आहे!”

“म्हणूनच.” त्यांच्या कपाळावर घाम आला होता. “तू डाळिंबीच काढ. मुकाट्यानं डाळिंबी काढ आणि देऊन टाक. माझं सोड. मला कुठं त्या भिंतीवर चढायचंय या वयात.”

मी दोन दिवस डाळिंबी रंग घोटत बसले, पण ब्रश काही कागदाला लागेना. मला खोटा रंग येत नाही. हा काही सद्गुण नाही, नुसता स्वभाव आहे आणि त्यानं मी बरीच माणसं दुखावली आहेत. रविवारी कॅप्टन आणि पिल्लेकाका चित्र बघायला आले, तेव्हा कागद कोराच होता.

“काका,” मी म्हटलं, “हा शर्ट मुळात गुलाबी आहे.”

पिल्लेकाकांनी ‘करेक्ट’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कॅप्टन आधी पांढरे पडले, मग लाल झाले आणि मधल्या एका क्षणी, देवाशपथ सांगते, अगदी त्या शिवणीतल्या पट्टीसारखे दिसले. “कुणी सांगितलं? निवृत्ती, तू सांगितलंस?”

“शिवणीनं सांगितलं,” मी म्हणाले.

मग मात्र त्यांचा बांध फुटला. “ऐक तर मग! दहा शर्ट होते, पांढरेशुभ्र. बगळ्यासारखे! फायनलच्या आधी धुवायला याच्या घरी दिले. आणि या महाभागानं काय केलं? सोडा घालून उकळलेलं पाणी, त्यात आमचे दहा शर्ट आणि त्यातच याचा तो पुडीच्या रंगाचा लाल! मिरजेत उतरलो, बोचकं उघडलं, तर आत दहा गुलाबी शर्ट. दुसरे आणायचे कुठून? घातले! मैदानात पाय ठेवतो न ठेवतो तोच लोक ओरडले, ‘वरात आली रे! नवरी कुठाय?’ एक जण तर खरंच सनई घेऊन आला.”

“ताशाही होता,” पिल्लेकाका पुटपुटले.

“अंपायर म्हणतो, गोलकीपरचा लाल आणि संघाचा गुलाबी लांबून सारखेच दिसतात, गोलकीपरनं बदलावा. मग हा खाकी घालून गोलात उभा! लोकांना वाटलं नवरीकडची मंडळी एसटीनं आलीत. खेळ आमचा, ढाल आमची, आणि आख्खी मिरज हसतेय. परत आल्यावर मी सगळ्यांना शपथ घातली, शर्ट डाळिंबी होता. माझा तेवढा रंगाऱ्याकडून करून घेतला. बाकीच्यांच्या शर्टांची फडकी झाली. आणि म्हणून, सूनबाई, म्हणून गोलकीपरचा शर्ट त्या भिंतीवर येणार नाही. घर जाळणाऱ्याच्या हातात मी आरतीचं ताट देणार नाही!”

“पण काका, त्या फायनलमध्ये अण्णांनी शेवटचा पेनल्टी स्ट्रोक अडवला होता ना?”

“अडवला. चेंडू खिशातल्या तिकिटाच्या चिमट्याला लागून बाहेर गेला. त्यात याचं काय कर्तृत्व? चिमट्याचं!”

अण्णांचा हात नकळत छातीकडे गेला. तिथं चिमट्याचा वण होता, आम्हाला सगळ्यांना माहीत होता. ते मान खाली घालून उभे होते. शाळेतला मुलगा पाठ केलेली कविता म्हणतो तसं म्हणाले, “माझ्यामुळे झालं, कॅप्टन.” हे वाक्य ते पहिल्यांदा म्हणत नव्हते हे उघड होतं. दरवर्षी क्लबाच्या स्नेहभोजनाला, दसऱ्याला, कुणाच्या साठीशांतीला, जेव्हा जेव्हा कॅप्टनना त्या गुलाबीची आठवण झाली असेल तेव्हा तेव्हा ते असेच म्हणाले असणार. मला इतका राग आला, की हातातला ब्रश मोडायचा बाकी राहिला.

आत स्वयंपाकघरात परात दणकन आपटली. मग गहू ओतल्याचा आवाज झाला. आणि आई बाहेर आल्या, हातात दळणाची रिकामी पिशवी घेऊन. त्यांनी ती फाडकन झटकली. माझ्या कोऱ्या कागदावर, कॅप्टनच्या इस्त्रीच्या शर्टावर आणि पिल्लेकाकांच्या चष्म्यावर पीठ उडालं. पिशवी त्यांनी टेबलावर पसरली. तळाची शिवण त्यांनी आधीच उसवली होती. दोन्ही बाजूंना कापून शिवलेल्या बाह्यांच्या जागा दिसत होत्या आणि मधोमध पांढऱ्या नाडीचा एक.

“हा घ्या गोलकीपरचा शर्ट,” आई म्हणाल्या. “आणि भाऊजी, तो पाण्यात ह्यांनी नाही टाकला. मी टाकला.”

“वहिनी, होतं असं घाईत,” कॅप्टन जरा नरमले. “चुकून एखादा कपडा...”

“चुकून कशाला? चांगला बघून टाकला. तुमचे दहा शर्ट क्लबचे, आणि ह्यांचा म्हणे घरून आणा. धुवायला मात्र अकरा आमच्या मोरीत. वर्षभर वाकून वाकून माझी कंबर गेली, पण एकदाही कुणी म्हटलं नाही, की काट्यालाही एक शर्ट द्या. मग म्हटलं, क्लबचा रंग ह्यांच्या अंगाला लागत नाही ना? मग ह्यांचा लावू क्लबला!”

आईंनी पदर खोचला. “आणि लाल घालून उभे राहिले असते तर खिशात चिमटा कुठून आला असता? ढाल कुणामुळे मिळाली ते तुम्हीच बघा.”

कॅप्टननी सवयीनं उजवीकडे, पिल्लेकाकांकडे पाहिलं. पिल्लेकाकांनी चष्मा काढला, पीठ पुसलं, परत घातला आणि आईंकडे बघून म्हणाले, “करेक्ट.”

त्यांनी तो शब्द दुसऱ्या कुणासाठी वापरल्याचं मी पाहिलं नव्हतं. कॅप्टननीही इतक्या वर्षांत नसावं. ते खुर्चीत मटकन बसले.

अण्णा मात्र आईंकडेच बघत होते. “मला ठाऊक होतं तू टाकलास ते,” ते हळूच म्हणाले. “दोरीवरचे शर्ट आणि घंगाळातलं पाणी पाहिलं तेव्हाच कळलं. मला वाटलं, चुकून पडला असेल. नवी नवरी, लोक नावं ठेवतील. म्हणून म्हटलं, माझ्यामुळे झालं म्हणावं.”

आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगं बाई! आणि मला वाटत होतं, तुम्हाला पत्ताच नाही. मी इतकी वर्षं म्हणतेय, हा माणूस कुणी काही म्हटलं की आपला दोष कबूल करून मोकळा होतो, ह्याला काही अभिमानच नाही!”

मला हसू आलं. तीस वर्षांहून जास्त काळ हा माणूस बायकोला पाठीशी घालत होता, आणि बायको त्याच्या शर्टाच्या पिशवीतून गहू दळून आणत होती.

मी कागद झटकला आणि पिशवीच्या शिवणीत पाहिलं. आतली पट्टी अजून लालभडक होती. तो लाल मी बशीत कालवला, ब्रश भरला आणि कॅप्टन नको म्हणायच्या आत एका कोऱ्या कागदावर एक नंबरचा शर्ट मांडला. मग ब्रश भांड्यात बुडवला. अण्णांचं स्वच्छ पाणी हळूहळू गुलाबी झालं. जलरंगात गुलाबी असा वेगळा काढावा लागत नाही, लालात पाणी पुरेसं पडलं की तो होतोच. दोन दिवस जो रंग मी शोधत होते तो भांड्यात तयार होता. त्याच पाण्यानं मी शेजारच्या कागदावर कॅप्टनचा शर्ट भरला.

“हेच पाणी!” अण्णा ओरडले. “अगदी हेच! घंगाळात असंच झालं होतं!”

कॅप्टन उठून जवळ आले. बराच वेळ दोन्ही चित्रांकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं काही कळेना. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “गुलाबी लावायचा असेल, तर लाल शेजारीच लागला पाहिजे. लोकांना कळू दे हे कुणामुळे झालं.”

“म्हणजे सहा फ्रेमा?” मी विचारलं.

“सहा. आणि लालाची जरा मोठी कर. गुन्हेगार ठळक दिसला पाहिजे.” असं म्हणून ते अण्णांकडे न बघताच निघाले, पण दारातून जाताना त्यांचा हात अण्णांच्या खांद्यावर पडला आणि तिथं जरा जास्तच वेळ राहिला.

हॉलच्या उद्घाटनाला आख्खी खडकी लोटली होती. सहा फ्रेमा ओळीत लागल्या होत्या, काचा पुसून लखलखीत. पहिल्या चार शर्टांवरून लोक नुसती नजर फिरवत आणि पाचव्यापाशी येऊन थांबत. हॉकीचा संघ आणि गुलाबी? मग शेजारचा लाल बघत, परत गुलाबी बघत.

अण्णा सकाळपासून त्या दोन फ्रेमांच्या मधोमध उभे होते. नवा शर्ट, केसांना तेल. गोलात उभे राहत असतील तसे पाय फाकून, हात थोडे पुढे. तिथून त्यांना जेवायलासुद्धा कुणी हलवू शकलं नाही.

क्लबाच्या नव्या अध्यक्षांच्या पत्नी आल्या, त्यांनी चित्र निरखलं आणि विचारलं, “इश्श, हे शर्ट गुलाबी कशामुळे झाले हो?”

अण्णांनी छाती काढली. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं, तेव्हा त्यांची मान खाली होती.

“माझ्यामुळे,” अण्णा म्हणाले.

मागच्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला, एकदा पंख्याकडे पाहिलं आणि मला खूण करून जवळ बोलावलं.

“घरी जाताना बाजारातून दळणाला एक पिशवी घेऊ या,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “कुठल्याही रंगाची चालेल.”